बेळगावच्या भानूचा पोरगा

आमच्या चिरंजिवांनी वरच्या खोलीत ड्रमसेट मांडला, तेव्हापासून गल्लीत आमच्याशी बोलणारे कमी झाले आणि आमच्याविषयी बोलणारे वाढले. सिडकोतली घरं, भिंतीला भिंत. त्याच्या उजव्या पायाचा फटका शेजारच्या काकूंच्या देवघरापर्यंत पोचतो, हे त्यांनी न सांगताही मला ठाऊक होतं. म्हणून नळाच्या दिवशी सकाळी काकूंनी कंपाउंडच्या भिंतीवरून "अगं ए" अशी हाक मारली, तेव्हा पाइप हौदात सोडून मी माफी मागायच्याच तयारीनं गेले.

"तुझा पोरगा सारखी लग्गीच का वाजवतोय गं?"

"काय वाजवतोय?"

"लग्गी. ठुमरीत शेवटाला असते ती. बाई गाता गाता मुखडा धरून थांबते आणि तबलजी सुटतो. तेवढा वेळ त्याचा. मग परत ठेक्यावर यायचं आणि गप वाजवत बसायचं. हा आपला सकाळी उठल्यापासून सुटलेलाच आहे की."

काकूंचं माहेर बेळगावचं. लग्न होऊन इकडे आल्याला जमाना झाला, जायकवाडीचं पाणी अंगात मुरलं, पण वाक्याच्या शेवटचं 'की' काही गेलं नाही. गाण्यात विशारद आहेत. त्यामुळे त्यांच्यासमोर ताल-सुराचा विषय निघाला की माझी कुचंबणा होते.

"काकू, ते जॅझ आहे. अन् साधं जॅझ पण नाही, पुढचं काहीतरी. त्यात ठेका धरायचाच नसतो म्हणे."

"कोण म्हणालं?"

"तोच."

"मग त्याला म्हणावं, आमच्या बेळगावच्या भानूच्या पोराचं ऐक आधी. अख्खं जग फिरला, पण त्याची मात्रा चुकली नाही कुठं."

कोण भानू, ते मला कळेना. काकूंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या सख्ख्या आतेबहिणीला ओळखलं नाही.

"शोभा गुर्टू गं! लग्नाआधीची भानुमती शिरोडकर. १९२५ साली आमच्या बेळगावात जन्मली. आई मेनकाबाई शिरोडकर, नाचायच्या आणि गायच्या. तालीम कुणाची, तर अल्लादियाखाँसाहेबांची. मुलीला शिकवलं खाँसाहेबांच्या धाकट्या मुलानं, भुर्जीखाँनी. म्हणजे जयपूर-अत्रौलीचा पक्का ख्याल. पण मेनकाबाईंना ठुमरी-दादरा शिकवायला घम्मनखाँ यायचे, ते ऐकून ऐकून पोरीचा जीव ठुमरीत अडकला."

"आणि गुर्टू? हे कुठलं आडनाव?"

इथं काकूंनी आवाज उतरवला. ज्यांच्याविषयी बोलायचं ती माणसं कधीच जगातून गेली, ऐकायला तिसरं कुणी नव्हतं, तरी उतरवला. भिंतीवरच्या गप्पांची ती रीत आहे.

"काश्मिरी पंडित. नारायणनाथ गुर्टू म्हणून पोलिसातले मोठे अधिकारी होते बेळगावात. पोलीस असून सतार वाजवायचे आणि विद्वान माणूस, बरं का. त्यांच्या विश्वनाथशी हिचं लग्न झालं. काश्मिरी पंडिताच्या घरात शिरोडकरांची मुलगी! त्या काळात! आणि लग्नानंतर गाणं सुटलं नाही, उलट वाढलं. २००२ साली पद्मभूषण मिळालं बाईंना."

"तेव्हा बेळगावात काय काय बोलली असतील माणसं."

"बोलली असतील की. बोलायला काय लागतं? आपण नाही का बोलतोय."

तर त्या शोभाताईंचा मुलगा त्रिलोक गुर्टू. जन्म १९५१ चा, मुंबईचा. घरात आईचा रियाज चाललेला, त्यामुळे पोराच्या हातात तबला लहानपणीच आला. शाह अब्दुल करीम यांच्याकडे शिकला. भाऊ रवी, तोही तालवाद्यांतलाच, हिंदी सिनेमाच्या गाण्यांत वाजवणारा. शाळा माटुंग्याची डॉन बॉस्को. म्हणजे घरी दादरा आणि बाहेर रेकॉर्डवर जिमी हेंड्रिक्स, अशी वाढ झाली. काकूंना हे सगळं कसं माहीत, असा प्रश्न मला पडला होता. त्याचंही उत्तर मिळालं. त्यांचा भाऊ मुंबईत नोकरीला होता आणि १९७८ साली रंगभवनात जॅझ यात्रा सुरू झाली तेव्हापासून तो तिचा वारकरी. भावाच्या कॅसेटी अजून काकूंच्या ट्रंकेत आहेत.

"एक गंमत सांगते," काकू म्हणाल्या. "या पोराला माहीतच नव्हतं की परदेशात गाणं रेकॉर्ड करताना एकावर एक थर चढवतात. आज ढोल वाजवायचा, उद्या त्याच्यावरच डफ वाजवायचा, परवा झांज. ह्याला वाटायचं, हे सगळं एकच माणूस एकाच वेळी वाजवतोय. म्हणून हा पठ्ठ्या तीन-तीन जणांचं काम एकटा करायला शिकला. त्यानं स्वतःच टीव्हीवर सांगितलंय हे."

मला हे फार आवडलं. अज्ञानाचा इतका चांगला उपयोग आमच्या घरात अजून कुणी केलेला नाही.

सत्तरच्या दशकात तो युरोपात पोचला. पुढे जर्मनीतल्या हॅम्बर्गचा झाला. पण काकूंना खरी चव होती ती दुसऱ्याच गोष्टीची. म्युनिकमध्ये एम्ब्रियो नावाचा एक बँड होता. केस वाढवलेली जर्मन पोरं, जगभरची वाद्यं गोळा करणारी. पुढे १९७८-७९ मध्ये ही मंडळी बस घेऊन जमिनीच्या रस्त्यानं थेट हिंदुस्थानात आली, इतकी हौशी. त्यांची १९७७ ची रेकॉर्ड आहे, 'अपोकॅलिप्सो'. त्यात त्रिलोकचा तबला आहे आणि गाणं शोभाताईंचं!

"बावन्न वर्षांची बाई," काकू म्हणाल्या, "नऊवारीतल्या आईच्या हाताखाली अल्लादियाखाँच्या घराण्याची तालीम घेतलेली, आणि गायली कुणाबरोबर, तर जर्मन रॉकवाल्यांबरोबर. तुला मी तुझ्या लेकाच्या बँडमध्ये गा म्हटलं तर गाशील का?"

"मला गाताच येत नाही, काकू."

"ते असू दे. मी गाईन की."

एवढ्यात समोरचे काका हातात वर्तमानपत्र घेऊन आले. ट्रेझरीतून निवृत्त झालेले. जन्म नाट्यसंगीतावर गेला आणि आता पेन्शन चालली आहे ती आमच्या चिरंजिवांच्या आवाजावर रागवण्यात. विषय ऐकून त्यांनी निकाल दिला: "फ्यूजन म्हणजे भेळ. कुणाचाच कुणाशी संबंध नाही. कुरमुरे वेगळे, चटणी वेगळी."

"तुम्ही भेळ खाताच की दर रविवारी," काकू म्हणाल्या.

काका गप्प झाले, पण गेले नाहीत.

त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. तबलेवाला आणि गिटारवाला शेजारी बसले, दोघांनी आपापलं आवडतं वाजवलं आणि शेवटी एकत्र टाळ्या घेतल्या, असे कार्यक्रम मी आपल्याकडच्या महोत्सवांत पुष्कळ पाहिलेत. पण त्रिलोक ज्या माणसांत जाऊन पडला, ती असली साधी नव्हती. आमच्या घरी जेवताना मला या विषयावर व्याख्यान मिळतं, त्यामुळे तेवढं मी काकांना सांगू शकले. जॅझमध्ये गाण्याची एक चौकट ठरलेली असते. ठराविक स्वरसमूह ठराविक क्रमानं येणार, आवर्तन संपलं की परत पहिल्यापासून. त्या क्रमाच्या आधारानं जो तो आपापलं रचत जातो. १९५९ साली न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट नावाच्या कॅफेत ऑर्नेट कोलमन या सॅक्सोफोनवाल्यानं तो क्रमच सोडून दिला. शेजारी उभा होता डॉन चेरी, हातात तळहाताएवढा ट्रम्पेट. कुणी म्हणालं, ही उद्याच्या संगीताची पहाट. कुणी म्हणालं, यांना वाजवता येत नाही. पुढे या मोकळ्या जॅझची मोठीच शाखा झाली. तिच्यात ड्रमवाल्यावर ताल धरून बसायची सक्ती राहिली नाही. तो सुरांसारखाच रंग भरू लागला.

तो डॉन चेरी नंतर युरोपात राहायला आला. आणि त्याच्याबरोबर वाजवू लागला आपला बेळगावच्या भानूचा पोरगा. डेन्मार्कचा जॉन चिकाई, नॉर्वेचा गिटारवाला तेर्ये रिप्डाल, आणि बॉस्टनचा चार्ली मारियानो, ज्यानं दक्षिणेत येऊन नादस्वरम शिकलं होतं, या सगळ्यांबरोबर तो त्या काळात वाजवत होता.

"म्हणजे ठेका सोडलाच ना त्यानं?" काकांनी पकडलं.

"नाही सोडला," काकू म्हणाल्या. "ऐकताना तुम्हाला वाटतं सगळं सुटलंय. मग हा कुठूनतरी तिहाई बांधतो आणि बरोब्बर समेवर येऊन पडतो. मनात मोजणं चालूच होतं. आईला साथ केलेला पोरगा आहे. ठुमरी गाणारी एका शब्दाला दहा तऱ्हेनं वळवते, मध्येच थांबते, मध्येच लाडात येते. तिच्याखाली दीपचंदीच्या चौदा मात्रा जागच्या हलू द्यायच्या नाहीत, हे काय सोपं आहे? तिच्याकडं बघत राहायचं आणि हातानं मोजत राहायचं."

मी नंतर त्याचं बरंच ऐकलं, आणि मला वाटतं, काकूंनी भिंतीवर कोपर टेकून जे सांगितलं ते जाणकारांनी लिहिलेल्यापेक्षा नेमकं होतं. त्याचा वेग, त्याची गणितं, त्याची कसरत यांबद्दल सगळे लिहितात. मला त्याचं थांबणं जास्त दिसतं. समोरचा काही बोलत असेल तर तो एखादी घंटी किणकिणवून बाजूला होतो. ही सवय मोकळ्या जॅझनं लावलेली नाही. ती साथीच्या बैठकीतून आलेली आहे.

त्याची बैठकच बघा. ड्रमवाले उंच गोल स्टुलावर बसतात, दोन्ही पाय पॅडलवर. हा जमिनीलगत. अर्धा गुडघ्यावर, अर्धा मांडी घातल्यासारखा. समोर तबला, बाजूला बुटके ड्रम, वर झांजा. पायाखालचा तो मोठा ढोल, ज्याचा आवाज काकूंच्या देवघरात जातो, तोसुद्धा त्यानं नेहमीचा ठेवला नाही. ढोलाचं पोट काढून टाकलं आणि नुसती भलीमोठी पुडी ठेवली.

"आणि शेजारी पाण्याची बादली," काकू म्हणाल्या.

"भरलेली?" काकांनी विचारलं.

"भरलेली."

"तिकडं नळ रोज येत असेल."

त्या बादलीचं काम असं: हातातली थाळी वाजवायची आणि वाजत असतानाच पाण्यात बुडवायची. धातूला पाण्याचं ओझं होतं, कंप मंदावतो आणि स्वर खाली घसरतो. बाहेर काढली की परत वर चढतो. जलतरंगाच्या वाटीत पाणी वाढवलं की स्वर उतरतो, तसंच. पण जलतरंगात वाट्या आधी लावून ठेवतात, इथं बुडवण्याच्या हालचालीतूनच मींड निघते. शंख-शिंपल्यांच्या माळाही तो पाण्यात सोडतो आणि उचलतो. मी पहिल्यांदा व्हिडिओत पाहिलं तेव्हा नळाच्या दिवसाची आठवण होऊन काळीज हललं. पण आवाज असा की गल्लीभर मोटारी चालू असतानाही तो ऐकत बसावं.

१९८४ च्या नोव्हेंबरात पूर्व जर्मनीत एका गाडीला अपघात झाला आणि त्यात ऑरेगन या अमेरिकन चौकडीतला कॉलिन वॉलकॉट गेला. हा माणूस सतार शिकला होता रविशंकरांकडे आणि तबला अल्लारखाँकडे. न्यूयॉर्कचा माणूस तबला शिकून जॅझमध्ये आला, आणि तो गेल्यावर त्याच्या जागी तबल्याच्या घरातलाच माणूस आला. राल्फ टाउनर, पॉल मॅककँडलेस आणि ग्लेन मूर यांच्याबरोबर त्रिलोकनं १९८७, १९८९ आणि १९९१ अशा तीन रेकॉर्ड केल्या. मेलेल्या माणसाच्या आसनावर बसणं कुणालाच सोपं नसतं, विशेषतः बाकीचे तिघे रोज त्याची आठवण काढत असताना. काकूंनी यावर एवढंच म्हटलं, "सवतीवर जाण्यासारखं." आणि पुढे गेल्या.

दरम्यान १९८८ मध्ये त्याची स्वतःच्या नावाची पहिली रेकॉर्ड आली, 'उसफ्रेट'. हिच्यावर मला जरा रेंगाळायचं आहे. ट्रम्पेटवर डॉन चेरी. गिटारवर राल्फ टाउनर. व्हायोलिनवर एल. शंकर. बासवर स्वीडनचा योनास हेलबोर्ग. आणि गायला आई, वय साठीपुढे. नावांच्या याद्या वाचून मला एरवी काही होत नाही. मोठी माणसं बोलावली म्हणून गाणं मोठं होत नसतं. पण ज्यानं आवर्तनाची चौकट मोडली तो माणूस आणि जिनं जन्मभर आवर्तन सांभाळत त्याच्या आतच सगळं स्वातंत्र्य घेतलं ती बाई, या दोघांना एका खोलीत आणायची कल्पना सुचायला त्या दोघांचीही साथ केलेला माणूसच हवा होता. तिथं शोभाताईंना जॅझसाठी काही बदलावं लागलेलं नाही. त्या आपल्या गातात. बदलायचं ते बाकीच्यांनी.

काकूंचं म्हणणं वेगळं. "आईला नेलं त्यानं बरोबर. नाहीतर परदेशी गेलेली पोरं आईला नेतात ती बाळंतपणाला."

१९९३ ची 'क्रेझी सेंट्स' आली, तिच्यातही आई आहेच. शिवाय पॅट मेथनी आणि जो झाविनुल, म्हणजे ज्यांच्या नावावर आमचे चिरंजीव हातातला घास खाली ठेवतात असे दोघे.

जॉन मॅक्लॉफ्लिनचं प्रकरण काकूंनी मधेच घुसवलं, कारण त्यात बोल आहेत. या इंग्रज गिटारवाल्यानं झाकीर हुसेन यांच्याबरोबर 'शक्ती' काढलं होतं, हे काकांनाही माहीत होतं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्यानं तिघांचा ताफा केला: स्वतः, त्रिलोक, आणि एक बासवाला.

"बासवाल्याचं नाव काय?" काकांनी विचारलं.

"काय," काकू म्हणाल्या.

"नाव विचारतोय मी."

"काय! काय एकहार्ट. जर्मन आहे तो. वडील लायबेरियाचे."

हा गोंधळ निस्तरल्यावर काकूंनी सांगितलं की २७ नोव्हेंबर १९८९ ला लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये या तिघांचा कार्यक्रम झाला आणि त्याची रेकॉर्ड निघाली. बोलांच्या पढंतीला त्या ताफ्यात मोठं स्थान होतं. त्रिलोक तोंडानं बोल म्हणणार आणि तो जर्मन पोरगा त्याला तोंडानंच उत्तर देणार. "धा तिरकिट म्हणायला जीभ लागते, पासपोर्ट लागत नाही," असं काकू म्हणाल्या. मग वर बघून मोठ्यानं: "तुझ्या लेकाला म्हणता येतंय का विचार. तोंडात असेल तर हातात येतं. ह्याच्या हातात आहे, तोंडात नाही, म्हणून एवढा आवाज होतोय."

आवाज बंद झाला होता. चिरंजीव खाली येऊन दारात उभे होते. किती वेळ, कोण जाणे.

आता काका सरसावले. बराच वेळ बेळगावचं ऐकून त्यांच्यातला मराठवाडा जागा झाला होता. "तालाचं एवढं सांगायलात, पण ताल मोजले कुणी? आपल्या देवगिरीत! इथून दौलताबाद किती लांब? तेराव्या शतकात सिंघण यादवाच्या दरबारी शार्ङ्गदेवानं 'संगीतरत्नाकर' लिहिला. सात अध्याय. पाचवा तालाचा, सहावा वाद्यांचा. एकशेवीस देशी ताल दिलेत त्यात, एकशेवीस! आणि हा शार्ङ्गदेव नोकरीनं कोण होता?"

आम्ही गप्प.

"हिशेबनीस! राज्याचा जमाखर्च बघायचा. श्रीकरणाधिप म्हणायचे. म्हणजे आमच्याच खात्यातला माणूस." काकांचा चेहरा असा फुलला होता की त्यांची पेन्शन वाढली असावी. एमजीएमच्या आवारातल्या महागामी गुरुकुलात शार्ङ्गदेवाच्या नावाचा समारोह होतो, तिथं ते नेमानं जातात, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. "आणि त्याचे आजोबा आले होते काश्मीरातून."

"काश्मीर!" काकू जवळजवळ ओरडल्या. "बघ. म्हणजे काश्मीरचं माणूस दक्षिणेत यायचं आणि पुढच्या पिढीनं तालात घुसायचं, ही जुनीच खोड."

इतिहास असा सिद्ध होत नाही हे मला कळतं. पण भिंतीवर तो झाला सिद्ध, आणि दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं म्हणून मी मध्ये बोलले नाही.

बोलले ते चिरंजीव. त्यांनी सांगितलेली गोष्ट मला अगदी नवी होती. पॅरिसमध्ये ऑलिव्हिए मेसियाँ नावाचा संगीतकार होता, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा. त्याला एका फ्रेंच संगीतकोशात शार्ङ्गदेवाच्या या १२० देशी तालांचा तक्ता सापडला. त्यानं तो तक्ता जन्मभर सोडला नाही. आपल्या रचनांत हे ताल घेतले, उलटे केले, लांबवले, एकावर एक रचले. त्याची एक अजस्र सिम्फनी १९४९ साली बॉस्टनमध्ये पहिल्यांदा वाजली, नाव 'तुरंगलीला'. त्याच्या वर्गात बूलेझ बसला, श्टॉकहाउझन बसला. युरोपातलं विसाव्या शतकाचं सगळ्यात पुढचं संगीत ज्यांनी केलं, त्यांच्या मास्तरांच्या टेबलावर देवगिरीच्या हिशेबनिसाचा तक्ता होता.

काकांनी वर्तमानपत्राची घडी केली आणि काखेत मारली. "हे तू आधी का नाही सांगितलंस?" असं त्यांनी पोराला विचारलं. त्यात राग होता, पण नेहमीचा नव्हता.

आणखी एक गंमत चिरंजिवांनीच काढली, आणि काकूंनी ती त्यांच्या हातातून हिसकावून घेतली. मॅक्लॉफ्लिननं पुढे फोर्थ डायमेन्शन नावाचा बँड केला. त्यात ड्रमवर आला मुंबईचा रणजित बारोट. त्याची आई कोण? सितारादेवी. कथकवाल्या.

"त्या इंग्रजाला गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायकांचीच पोरं कशी सापडतात?" काकूंनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. "कारण ताल त्यांच्याकडेच होता. आपल्याकडं घराणं मोजतात ते बापाकडून. अल्लारखाँचे झाकीर, असं. इथं मेनकाबाई, मग भानू, मग त्रिलोक. दोन बायका ओलांडून आलेलं आहे ते. पण त्याला शिरोडकर घराणं म्हणालं का कुणी? कप्पाळ."

यावर काकासुद्धा काही बोलले नाहीत.

नव्वदीनंतरच्या त्रिलोकविषयी आमच्यात मतभेद झाले. त्यानं पुष्कळ केलं: मालीच्या गायकांबरोबर, इटलीच्या आर्के तंतुवाद्य चौकडीबरोबर, झाकीर हुसेन आणि बिल लासवेल यांच्या 'तबला बीट सायन्स'मध्ये. त्या शेवटच्या ताफ्यात कर्श काळे होता, न्यूयॉर्कमध्ये वाढलेलं मराठी पोर. चिरंजिवांना हे सगळं प्रिय. मला त्यातलं यंत्राचं काम जिथं वाढतं तिथं कंटाळा येतो. यंत्र मात्रा चुकत नाही, मग हा माणूस ज्या धोक्यावर चालतो तो धोकाच उरत नाही. काकूंना आफ्रिकेचं आवडतं, कारण "तिथल्या बायका पोटातून गातात." २०१३ ची 'स्पेलबाउंड' मात्र आम्हा दोघींनाही आवडते. ती त्यानं ट्रम्पेटवाल्यांसाठी केली, मुख्यतः डॉन चेरीच्या आठवणीनं. चेरी १९९५ मध्ये गेला होता. इतक्या वर्षांनंतर, स्वतःचं नाव झाल्यावर, जुन्या साथीदाराचं कर्ज असं उघड फेडणारी माणसं कलेत फार नाहीत. सहा ट्रम्पेटवाले बोलावले त्यानं, इब्राहिम मालूफ, निल्स पेटर मोल्वेर, पाओलो फ्रेझू वगैरे, आणि बसला परत साथीला.

मग काकूंनी व्यवहाराचं काढलं. रोज संध्याकाळी सात वाजता चिरंजिवांनी भिंतीपलीकडे जायचं. काकू दादरा गाणार, यानं साथ करायची. ड्रम नाही, एकच बुटका ड्रम आणि हात. काठ्यासुद्धा घरी ठेवायच्या.

"सहाच मात्रा?" चिरंजीव म्हणाले.

"सहाच. अर्धा तास. जमतंय का बघ."

जमणार नाही हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. काकूंनाही दिसलं असणार, कारण त्या फारच गोड हसल्या.

काकांनी खिशातून पेन काढलं आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर रेकॉर्डींची नावं लिहून घेतली. सवयीनं साल डावीकडे, नाव उजवीकडे. १९७७, १९८८, १९८९, १९९३, २०१३. मग चष्मा वर करून विचारलं, "यातल्या कुठल्या कुठल्यात आईचं गाणं आहे?"

चिरंजिवांनी तीन दाखवल्या. काकांनी त्यांच्यापुढे बरोबरच्या खुणा केल्या.

"या ऐकतो. बाकीचं त्यानं समोर बसून वाजवलं तर बघू. करतो ना अजून कार्यक्रम?"

"करतो की," काकू म्हणाल्या, जणू काल फोन झाला होता. "पण ह्या तीन मोबाइलवर लावून ऐकाल तर बघा. माझ्याकडं स्पीकर आहेत. रविवारी या, येताना भेळ आणा."